निराळीं तिकिटें आणि सोबतचें सामान

आमच्या मिठबावसारख्या समुद्रकांठच्या गांवांतहि आतां अशीं घरें पुष्कळ आहेत, कीं ज्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं राहते. सुनेचें बाळंतपण, नातवाची मुंज, लेकीचें नवें घर अशा निमित्तानें साठी-सत्तरी उलटलेले आईवडील विमानांत बसतात. आणि त्यांचीं तिकिटें दूरदेशींचा मुलगा रात्रीं संगणकासमोर बसून काढतो. मोपा ते मुंबई एका कंपनीचें आणि मुंबई ते अमेरिका दुसरीचें, अशीं दोन निराळीं तिकिटें घेतलीं, कीं सबंध प्रवासाच्या एका तिकिटापेक्षां पुष्कळदां बरेच पैसे वांचतात. काटकसर वाईट नव्हे; आम्ही तिचे पुरस्कर्तेच आहों. परंतु हे पैसे कशाच्या मोबदल्यांत वांचले, हें वडील मंडळींना सहसा कोणी उलगडून सांगत नाहीं.

तिकिट म्हणजे करार. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांचीं विमानें असलीं, तर त्या दोघींनीं प्रवाशाला शेवटच्या मुक्कामापर्यंत पोंचविण्याचें पत्करलेलें असतें. भाड्याची वांटणी त्या आपसांत करतात. इंग्लंडांतील आगगाड्यांच्या कंपन्यांनीं असे हिशेब मिटविण्यासाठीं १८४२ सालींच एक समाईक कचेरी काढली होती. विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९४५ सालीं हवाना येथें स्थापन झाली आणि १९४७ च्या जानेवारींत तिनेंहि तशीच सोय केली. पहिलें विमान उशिरा येऊन पुढचें चुकलें, तर अशा तिकिटावर पुढील विमानांत जागा देणें हें कंपनीचें काम ठरतें. तिकिटें निराळीं असलीं, कीं करारहि निराळे. पहिल्या कंपनीचें कर्तव्य मुंबईस संपतें. दुसरीचें तिच्या काउंटरपाशीं सुरू होतें. मधल्या वेळेंत प्रवाशाला कोणी वाली नसतो, आणि हमालहि तोच असतो.

गेल्या वर्षीं शेजारच्या वाडींतील एक वृद्ध दांपत्य नातवाच्या मुंजीसाठीं निघालें. मोप्यास सामान दिलें तेव्हां बॅगांना कागदी पट्ट्या लागल्या व त्यांची पावती हातीं आली. तिच्यावर दहा आंकडी क्रमांक आणि ‘बी-ओ-एम’ हीं तीन अक्षरें होतीं. मुंबईच्या जुन्या इंग्रजी नांवाचीं हीं अक्षरें विमानांच्या जगांत अजून टिकून आहेत, आणि त्यांचा अर्थ एवढाच, कीं हें सामान मुंबईस उतरावयाचें. उभयतांची समजूत अशी, कीं पेट्या थेट अमेरिकेस जातील. तीं मोकळ्या हातांनीं दुसऱ्या टर्मिनलवर गेलीं. तेथें चूक उमगली. परंतु सामानाच्या दालनांतून एकदां बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हां सहजासहजीं आंत घेत नाहींत. परवानगी मिळवून, पेट्या घेऊन येईतों काउंटर बंद झाला होता. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनें हे दोन प्रवासी आलेच नव्हते, आणि पहिली मजल न केल्यास पुढील सर्व मजला रद्द, या सर्रास आढळणाऱ्या नियमानें परतीचें तिकिटहि गेलें. मुंज आजी-आजोबांवांचून लागली.

सामान घेण्याचीच ही अट परदेशांत अधिक जाचक होते. लंडनला निराळ्या तिकिटावर कंपनी बदलावयाची, तर सामान घेण्यासाठीं त्या देशाच्या सरहद्दीची तपासणी ओलांडावी लागते. म्हणजे तिकडे पाऊलभर जाण्यासाठीं आपल्याकडील प्रवाशाला बहुधा व्हिसा हवा. तो नसला, तर कित्येकदां मुंबईचाच काउंटर विमानांत चढूं देत नाहीं. कांहीं कंपन्या दोन्ही तिकिटें दाखविल्यास सामानाला शेवटपर्यंतची पट्टी लावतात, पण स्वस्त दराच्या कित्येक कंपन्या दुसऱ्यांशीं तसा करारच ठेवीत नाहींत. तेव्हां मुलानें आधींच लेखी विचारून उत्तराची प्रत आईवडिलांपाशीं द्यावी.

वजनाचें गणितहि पाहावें. अमेरिकेच्या तिकिटावर पुष्कळदां माणशीं २३ किलोंच्या दोन बॅगा चालतात. देशांतील विमानाच्या साध्या भाड्यांत बहुधा १५ किलोच जातात. तिकिटें निराळीं असतां ४६ किलोंपैकीं ३१ किलोंचें जादा भाडें मोप्यासच भरावें लागेल, आणि वांचलेल्या पैशांचा मोठा वांटा तेथेंच निघून जाईल. (देवगडच्या हापुसाची पेटी तर मुळींच नेऊं नये. अमेरिकेंत २००७ पासून आपला आंबा जातो, पण तो विकिरणाची प्रक्रिया होऊन, व्यापाराच्या मार्गानें. प्रवाशाच्या बॅगेंतला आंबा तेथील अधिकारी काढून घेतात.)

विमानतळाचें नांव नीट वाचावें, हें वेगळें सांगण्याचें कारण आमच्या भागांत आहे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सुरू झाला, पण तेथील सेवा सलग राहिलेली नाहीं. म्हणून लोक गोव्याकडे वळतात. तेथें जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ आहेत, मोपा व दाबोळी, आणि दोहोंमध्यें सबंध उत्तर गोवा व मांडवी-झुवारी पडतात. मुंबईसहि सांताक्रूझ व सहार येथील टर्मिनलांत काही किलोमीटरांचें अंतर आहे, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनहि विमानें उडूं लागलीं आहेत. एका ठिकाणीं उतरून दुसरीकडून उडावयाचें तिकिट काढणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत.

आमचें मत विचाराल, तर वृद्ध माणसें एकटीं जात असतील तेव्हां एकच तिकिट घ्यावें. तें झेपत नसेल, तर दोन विमानांमध्यें एक सबंध रात्र ठेवून दादर-पार्ल्याच्या एखाद्या आप्ताकडे उतरावें. त्याहून बरें म्हणजे पहिलें विमानच टाळून आदल्या दिवशीं कणकवलीहून कोंकण रेल्वेनें मुंबई गांठावी. गाडींत आपली पेटी आपल्या डोळ्यांसमोर राहते. परततांना मात्र एक लक्षांत ठेवावें. तिकिट एक असलें, तरी परदेशाहून येणाऱ्याला बहुधा मुंबईसच सामान घेऊन जकातीची तपासणी करून तें पुन्हां द्यावें लागतें. अमेरिकेंतहि पहिल्या विमानतळावर सामान घेण्याची पद्धत आहे.

बॅग फुटली किंवा उशिरा आली, तर १९९९ चा माँट्रियलचा करार लागू होतो. भारतानें तो २००९ सालीं मान्य केला. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. ती नोंद विमानतळ सोडण्यापूर्वींच करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि पट्टीची पावती प्रवास पुरा होईपर्यंत खिशांत जपून ठेवावी. सामानाचा माग काढण्यास तोच दहा आंकडी क्रमांक उपयोगीं पडतो.