स्टाफ हँडबुक: कामालाही येतं आणि अंगाशीही येतं



दुकानात दोन-तीन माणसं असतात तोपर्यंत सगळं तोंडी चालतं. सुट्टी फोनवर कळवली जाते, उचल गल्ल्यातून दिली जाते. माणसं आठ-दहा झाली की मग सुरू होतं, "त्याला दिवाळीत चार दिवस दिलेत, मला का नाही?" याला तोंडी उत्तर काहीही द्या, समोरच्याला तो पक्षपातच वाटतो.

इथे हँडबुक कामाला येतं. कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, रजा, पगाराची तारीख, उचल किती आणि कशी फेडायची, नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगायचं, तक्रार कुणाकडे करायची, एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हातात द्या. निम्मे वाद तिथेच मिटतात. आणि प्रकरण पुढे गेलंच, तर "याला नियम माहीत होता" हे दाखवायला सही केलेला कागद असतो.

आता धोक्याचं बघू. बहुतेक जण हा नियम हमखास लिहितात: "तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापणार." हिशोब करून बघा. पगार 15,600 रुपये, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे दिवसाचे 600. तीन वेळा दहा-दहा मिनिटं उशीर झाला, म्हणजे एकूण अर्धा तास. आठ तासांच्या दिवसात त्याचे होतात साडेसदतीस रुपये. तुम्ही कापले 300! खाडा जेवढा, कपात तेवढीच, असं कायदा सांगतो. "मग तो दंड समजा," असं म्हणाल, तर दंडाचे नियम वेगळे आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दंडाला पगाराच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहे. कोणत्या चुकीला दंड, हे सरकारकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे तुमचंच हँडबुक तुमच्याविरुद्ध लेखी पुरावा झालं की नाही?

तसंच "नोकरी सोडल्यावर हिशोब 45 दिवसांनी" हे वाक्य. याच संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. "सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात काम करायचं नाही" हेही लोक हौसेने लिहितात. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे असं बंधन सहसा टिकत नाही. तुमची गिऱ्हाइकांची यादी आणि रेसिपी गुप्त ठेवायची अट मात्र जरूर घाला, ती वेगळी गोष्ट आहे.

नेटवरून अमेरिकन नमुना उचलणं तर सगळ्यात वाईट. त्यात "कधीही, कारण न देता काढू शकतो" असं असतं, कारण तिकडे बहुतेक राज्यांत ते चालतं. आपल्याकडे वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराएवढी भरपाई लागते.

आणखी एक, जे पाळणार नाही ते लिहू नका. "काढण्याआधी दोन लेखी समज देऊ" असं छापलं आणि रागाच्या भरात एका दिवसात घरी पाठवलं, तर समोरचा वकील तेच पान उघडणार.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. सदस्यांची नावं आणि फोन हँडबुकमध्येच द्या.

भाषा स्टाफला वाचता येईल ती ठेवा, मराठी किंवा हिंदी. इंग्रजी कागदावर घेतलेल्या सहीवर "मला कळलंच नव्हतं" असं कुणीही म्हणेल. प्रत्येक प्रतीवर तारीख टाका, नियम बदलला की नवीन सही घ्या आणि जुनी प्रत फाडू नका, फाईलला लावा. छापायच्या आधी कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या.