केशवराव भोसले नाट्यगृह आणि आपली शाळा

कोल्हापूरला सहली जातात त्या महालक्ष्मीचे दर्शन, रंकाळा व राजवाडा पाहून परततात. खासबाग मैदानालगतच्या नाट्यगृहाची माहिती वर्गात क्वचितच सांगितली जाते. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढ्याच हेतूने हे टिपण शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले. खासबागेतील कुस्तीच्या आखाड्याची कल्पना तेथूनच त्यांच्या मनात रुजली, असे सांगतात. त्या आखाड्यास लागूनच १९१३ ते १९१५ या काळात त्यांनी नाट्यगृह बांधविले. पॅलेस थिएटर हे त्याचे मूळ नाव. मल्ल व नट यांना शेजारीशेजारी जागा देणाऱ्या याच राजाने पुढे दोनच वर्षांनी, १९१७ साली, आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आपण विशेष ध्यानात घ्यावे.

१९५७ साली या वास्तूस संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांचा जन्म कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. लहानपणीच ते नाटक मंडळीत गेले आणि देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने नावारूपास आले. (बालविवाह प्रतिबंधक 'शारदा कायदा' या नाटकावरून निघाला, असे वर्गात सांगितलेले मी ऐकले आहे. ते बरोबर नव्हे. १९२९ च्या त्या कायद्यास हरबिलास सारडा यांचे नाव आहे.) वयाच्या अठराव्या वर्षी, १ जानेवारी १९०८ रोजी, त्यांनी हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात केशवराव धैर्यधर व बालगंधर्व भामिनी झाले होते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवरावांचे निधन झाले.

ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात हे नाट्यगृह उभे राहिले. नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जावा लागे, तो केवळ गळ्याच्या व स्पष्ट उच्चारांच्या बळावर. आपल्या स्नेहसंमेलनात मूल ध्वनिक्षेपकाला तोंड चिकटवून पाठ केलेले म्हणते व समोरच्यांना एक अक्षर कळत नाही. त्यापेक्षा तालमीच्या वेळी शिक्षकाने मैदानाच्या टोकाला उभे राहावे. तेथून शब्द कळला, तरच पुढचा प्रवेश घ्यावा. चौथीच्या मुलांना हे आठ दिवसांत साधते, असा माझा अनुभव आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, या नाट्यगृहास भीषण आग लागली. रंगमंच, छत व आतील लाकूडकाम भस्मसात झाले. शेजारचा खासबागेतील मंचही त्यात सापडला. रस्त्यावर उभे राहून कलावंत व रसिक रडले. त्यानंतर शासनाने पुनर्बांधणी हाती घेतली.

ही घटना मुलांना सांगताना आपल्या मांडवाकडेही पाहावे. कापडी पडदे, सुकलेला पाला, बांबूला गुंडाळलेली विजेची वायर आणि बाहेर पडण्यास एकच वाट, असे संमेलनाचे मांडव मी दरवर्षी पाहतो. पडद्यामागे वाळूच्या दोन बादल्या व पाण्याचे पिंप ठेवावे. मांडवास दुसरी वाट ठेवावी. वायर जोडण्याचे काम मुलांकडे देऊ नये. पहिली घंटा होण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी हे सर्व स्वतः फिरून पाहावे.