एकोणसाठ पायांनंतर

दिवाळीची अमावास्या म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजन. जैन घरांत तो भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. १९७४-७५ हे त्या निर्वाणाचं अडीच हजारावं वर्ष देशभर साजरं झालं. त्याच वर्षाचं स्मरण म्हणून १९७५ साली जयपुरात एक संस्था उभी राहिली : भगवान महावीर विकलांग सहायता समिती. हे लांबलचक नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असेल. पण ‘जयपूर फूट’ म्हटलं, की आडगावातही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

जयपूर फूट तयार झाला तो १९६८च्या सुमारास. तिथून १९७५पर्यंतच्या सात वर्षांत तो किती जणांना मिळाला? ५९. पाय टिकाऊ होता, स्वस्त होता, गरजू माणसं तर अगणित होती, तरीही ५९. आज समितीकडून कृत्रिम पाय, कॅलिपर, तीनचाकी सायकल किंवा अन्य साधन मिळालेल्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली आहे. या दोन आकड्यांच्या मधे जे घडलं, ते मला पायाच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

चपला काढून चालणारा पाय

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना एक गोष्ट सतत खटकत होती. पाय कापावा लागलेल्या रुग्णांना चांगला, महागडा कृत्रिम पाय बसवला जाई. पण पुढे तेच रुग्ण कुबड्यांवर दिसत. पाय घरी कोपऱ्यात पडलेला असे. दोष रुग्णाचा नव्हता. तो पाय बुटात घालायचा, खुर्चीत बसणाऱ्याचा आणि सपाट फरशीवर चालणाऱ्याचा होता. त्याचा घोटा ताठ होता.

आपला शेतकरी उकिडवा बसून खुरपणी करतो, मांडी घालून जेवतो, ढेकळांतून आणि बांधावरून चालतो, भाताच्या चिखलात उतरतो, देवळाच्या पायरीशी चपला काढतो. उकिडवं बसायला पाऊल घोट्यातून वर दुमडावं लागतं. मांडी घालायला ते आत वळावं लागतं. खाचखळग्यांत ते दोन्ही अंगांना कलावं लागतं. ताठ घोट्याला यातलं काहीच जमत नाही.

हे कोडं सोडवायला सेठींसोबत होते रामचंद्र शर्मा. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. त्यांचं शालेय शिक्षण जेमतेम, पण हात पिढीजात कारागिराचा. रुग्णालयात ते रुग्णांना हस्तकला शिकवायला येत. सायकलचं पंक्चर काढायला गेले असताना शेजारी एका टायरवर नवं रबर चढवताना त्यांनी पाहिलं आणि पाऊल रबराचं करायचं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. या प्रयत्नातून जे पाऊल घडलं त्याच्या आत तीन ठोकळे असतात. टाच आणि चवडा यांच्या जागी स्पंजासारखं रबर, घोट्याच्या जागी लाकूड. त्यांच्यावर टायरमधल्या दोऱ्याच्या रबराचे थर आणि सर्वांत बाहेर कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं साच्यात घालून भाजलं, की बोटांसकट पाऊल तयार. ते भिजतं, वाकतं, अनवाणी चालतं.

डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागेच राहिलं, याची खंत वाटते. मात्र दोघांच्या या पायाचं पेटंट घेतलं गेलं नाही. ज्याला करायचा त्याने करावा.

बसचं तिकीट आणि बुडालेली मजुरी

१९६९ साली जैसलमेरचे तरुण जिल्हाधिकारी देवेंद्र राज मेहता यांच्या मोटारीला अपघात झाला. पाय जाईल की राहील अशी अवस्था होती. सवाई मानसिंह रुग्णालयात दीर्घ उपचारांनंतर तो वाचला. पण तिथल्या मुक्कामात, पाय गमावलेली गरीब माणसं कशी जगतात हे त्यांनी जवळून पाहिलं. त्यातून सहा वर्षांनी समितीचा जन्म झाला. हेच मेहता पुढे १९९५ ते २००२ या काळात मुंबईत ‘सेबी’चे अध्यक्ष होते. शेअर बाजाराचा हा नियामक समितीचं काम मात्र सेवा म्हणूनच करत राहिला.

मेहता प्रशासक होते. पाय चांगला असूनही पोहोचत का नाही, हा प्रश्न त्यांनी प्रशासकाच्या नजरेने पाहिला. खेड्यातल्या मजुराला पायाची किंमत अडवत नाही. अडवतं ते पायापर्यंतचं अंतर. एकदा माप द्यायला यायचं, मग पाय न्यायला यायचं, पुन्हा दुरुस्तीला यायचं. सोबत घरचं माणूस हवं. दोघांची मजुरी बुडते, परक्या शहरात रात्र काढायची असते, आणि दारावर कुणीतरी विचारतं, ‘चिठ्ठी आणली आहे का?’ इतकं झाल्यावर फुकट पायही महाग पडतो.

समितीने हाच क्रम उलटा केला. रुग्णाने आधी वेळ घ्यायची नाही. दिवसा यावं, रात्री यावं, आला की त्याला आत घ्यायचं. त्याची आणि सोबत्याची राहण्या-जेवणाची सोय संस्थेची. पाय विनामूल्य, आणि जमेल तिथे त्याच दिवशी. उरलेल्या पायाचा प्लास्टर ऑफ पॅरिसने साचा घेतात; त्यावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा नळ ओढून बसवतात. पूर्वी इथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून आकार देत. आता सिंचनाला वापरतात त्या जातीचा घट्ट नळ आला, आणि काम हलकं नि वेगवान झालं. खाली पाऊल जोडलं, चालवून पाहिलं, तिरकं पडत असेल तर पुन्हा जुळवलं. कुबड्या घेऊन आलेला माणूस त्या तिथेच ठेवून परत जाऊ शकतो.

मूल वाढतं, पाय वाढत नाही

सुरुवातीच्या दशकांत समितीच्या दारी पोलिओने लुळी झालेली मुलंही मोठ्या संख्येने येत. त्यांना हवं असे कॅलिपर : मांडीपासून पावलापर्यंत धातूच्या पट्ट्यांचा आधार, ज्याच्या जोरावर सरपटणारं मूल उभं राहतं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त ठरवला. लसीच्या दोन थेंबांनी जे साधलं, ते कुठल्याही कॅलिपरला साधणार नव्हतं. पण अपघात, भाजणं, जन्मजात व्यंग यांमुळे अधू झालेली मुलं आजही आहेत.

मोठ्या माणसाचा कृत्रिम पाय झिजेपर्यंत चालतो. मुलाचा पाय झिजण्याआधीच अपुरा होतो. हाड वाढतं, साचा आवळायला लागतो, दुसऱ्या पायाच्या मानाने हा आखूड पडतो, कंबर एका बाजूला झुकते. म्हणून मुलाला एक पाय देऊन भागत नाही. वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. इथेच गावोगावी पाय वाटायला भरणाऱ्या शिबिरांची मर्यादा कळते. शिबिर एका दिवसाचं असतं, बालपण अनेक वर्षांचं. समितीची देशातली कायमची केंद्रं मला शिबिरांच्या भव्य आकड्यांपेक्षा अधिक मोलाची वाटतात ती याचसाठी.

महाराष्ट्राने या पायाला आपलं मानलं. मुंबईत वाढलेल्या सुधा चंद्रन यांनी १९८१च्या अपघातानंतर उजवा पाय गमावला आणि १९८४ साली जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम सादर केलं. त्यांच्या आयुष्यावरचा ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट घराघरांत पोहोचला, तेव्हा या पायाची खरी जाहिरात झाली. रोटरी, लायन्ससारख्या मंडळांची ‘जयपूर फूट शिबिरं’ गावोगावी भरू लागली. तिकडे अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय नेलेल्यांपर्यंत तो गेला. २०१८ मध्ये, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त परराष्ट्र मंत्रालयाने समितीच्या साहाय्याने परदेशांत शिबिरं भरवायला सुरुवात केली.

मोकळेपणाला किंमतही असते. पेटंट नसल्याने पाय कुणीही बनवू शकतो. तसा कुणी ओबडधोबडही बनवू शकतो. चुकीच्या साच्याने कातडी सोलवटली, की तो पायही कोपऱ्यात जातो, आणि आपण डॉ. सेठींच्या पहिल्या प्रश्नापाशी परत येतो. शिवाय गरज एका संस्थेच्या आवाक्यातली नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ५४ लाखांहून अधिकांचं अपंगत्व हालचालीचं होतं. २०१६च्या कायद्याने त्यांना हक्क दिले. पण हक्क कागदावरून तालुक्यापर्यंत नेण्याचं काम कुणीतरी करावंच लागतं.

म्हणूनच त्या ५९ या आकड्याकडे मी अपयश म्हणून पाहत नाही. उत्तम वस्तू असूनही ती गरिबापर्यंत आपोआप जात नाही, हे तो स्वच्छ सांगतो. गरीब मुलाला पाऊल मिळायला रबर, लाकूड आणि नळ लागतात; तसंच रात्री उशिरा पोहोचलेल्या त्याच्या आईला ‘उद्या या’ न म्हणणारं दारही लागतं. आणि मूल बोटभर उंच झाल्यावर ती परत येईल, तेव्हाही ते उघडं असावं लागतं.