क्लब कोणाचा?



सामना हरल्यानंतरचें कोल्हापूर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना मीं तें वर्णन करून सांगावयास नको. राजर्षि शाहू स्टेडियममधून बाहेर पडलेला मनुष्य सरळ घरीं जात नाहीं. तो पेठेच्या नाक्यावर थांबतो, चहाच्या दुकानांत बसतो, रात्रीं जेवण उरकून पुन्हां तालमीच्या कट्ट्यावर येतो. आणि या तिन्ही ठिकाणीं एकच विषय चाललेला असतो. तो विषय खेळाचा असेल असें बाहेरच्या माणसास वाटतें. परंतु गोल कसा हुकला, पंचांनीं शिट्टी कां वाजविली नाहीं, हें सर्व पहिल्या दहा मिनिटांत आटोपतें. पुढचा दीड तास कारभाराचा असतो. अमक्या पोराला बाहेर कां बसविलें? तमक्याला परगांवाहून कां आणलें? वर्गणी कोठें गेली? हें ठरविलें कोणीं, आणि आम्हांला विचारलें कोणीं?

या शेवटच्या प्रश्नाविषयीं आज मी बोलणार आहें. माझी पेठ कोणती आणि माझी तालीम कोणती हें मात्र सांगणार नाहीं. सांगितलें तर निम्मे श्रोते आतांच यंत्र बंद करतील. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आयुष्य प्राथमिक शाळेंत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यांत गेलें, आणि संध्याकाळ मैदानाच्या पायऱ्यांवर. तेव्हां अधिकार म्हणाल तर तेवढाच.

कोल्हापूरच्या फुटबॉलची घडण निराळी आहे, ती प्रथम सांगतों. छत्रपति शाहू महाराजांनीं कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचें मैदान बांधविलें, आणि पेठापेठांतून तालमी नांदूं लागल्या. तालीम म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा. पुढें या आखाड्यांतलीं पोरें चेंडूमागें धावूं लागलीं, तरी नांव तालमीचेंच राहिलें. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ हीं नांवें ऐकून परगांवच्या माणसास कुस्त्यांचा फड आठवेल. आपल्याला गोलपोस्ट आठवतो. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हेही त्याच मैदानावरचे. १९४० सालीं स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन दर हंगामास संघ आणि खेळाडू यांची नोंदणी करून सामने चालविते. आणि जी तालीम फुटबॉलचा संघ उतरविते तीच गणेशोत्सव करिते, तीच कोणाच्या घरीं लग्न निघालें किंवा कोणी गेलें तर धांवून जाते.

अशा संघाचा अभिमानी होण्यासाठीं कोणी अर्ज करीत नाहीं. आडनांव जसें जन्माबरोबर येतें तशी तालीम येते. माझ्या वर्गांत सहा वर्षांचीं पोरें असत. त्यांना स्वतःच्या घराचा पत्ता नीट सांगतां येत नसे, पण आपली तालीम कोणती हें विचारण्याची सोय नव्हती, तें त्यांच्या सदऱ्याच्या रंगावरूनच कळे.

चाहत्याच्या चिडीचें मूळ येथेंच आहे. समजा, तुमच्या वाण्यानें डाळींत खडे घातले. तुम्ही एकदां बोलाल, दोनदां बोलाल, तिसऱ्या वेळीं दुसऱ्या दुकानीं जाल. वाण्याला हें ठाऊक असतें, म्हणून तो खडे बेतानें घालतो. क्लबाच्या बाबतींत दुसरें दुकान नाहीं. आपल्या संघाचा कारभार वाईट झाला म्हणून शेजारच्या पेठेच्या संघाचा जयजयकार करूं लागलेला मनुष्य मीं साठ वर्षांत एकही पाहिला नाहीं. पाहिला असता तर त्याच्या घरच्यांनीं वैद्य आणला असता. म्हणजे ज्याला सोडून जातां येत नाहीं असा हा गिऱ्हाईक. सोडून जाण्याची वाट नसेल तर निदान बोलण्याची वाट हवी. तीही नसली म्हणजे मग जें उरतें तें आपण पायऱ्यांवर पाहतों.

आतां कोणी म्हणेल, तालमीला मालक नाहीं, म्हणून ही गडबड. एखादा धनवान मालक असता तर कारभार सुतासारखा सरळ झाला असता. असें म्हणणाऱ्यानें पुण्यापर्यंत जाऊन यावें. २००७ सालीं एका उद्योगसमूहानें पुणे एफ. सी. हा संघ काढला. २०१२-१३ च्या हंगामांत तो आय-लीगमध्यें दुसरा आला. २०१५ मध्यें तो संपला. भारत एफ. सी. नांवाचा दुसरा संघ २०१४-१५ चा एकच हंगाम आय-लीग खेळून नाहींसा झाला. डी. एस. के. शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्यें बाहेर पडला. आणि ज्याच्यासाठीं बालेवाडीचें मैदान नारिंगी होत असे, तो एफ. सी. पुणे सिटी? २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हां तिच्या आठ संघांपैकीं तो एक होता. २०१७-१८ मध्यें त्यानें उपांत्य फेरी गांठली. त्यानंतर दीड वर्षाच्या आंत, २०१९ च्या उन्हाळ्यानंतर, तो संघच नव्हता. मालकांची आर्थिक ओढाताण झाली आणि लीगमधील ती जागा हैदराबाद एफ. सी. नांवाच्या नव्या संघाला मिळाली.

येथें जरा थांबूं. "जागा मिळाली" हे शब्द मीं मुद्दाम वापरले. या लीगमध्यें प्रारंभीं वर चढणें आणि खालीं उतरणें हा प्रकारच नव्हता. शेवटचा आलेला संघ खालच्या वर्गांत जात नसे, खालच्या वर्गांतला पहिला वर येत नसे. जागा पैसे भरून घ्यावयाची. नाटकगृहांतील खुर्चीचें तिकीट जसें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें तशी ती जाऊं शकते. पुण्याच्या मुलांनीं पांच हंगाम ज्यासाठीं घसा कोरडा केला तें एक तिकीट होतें, हें त्यांना तें गेल्यावर कळलें. हैदराबादेच्या त्या संघानें २०२१-२२ चें अजिंक्यपद मिळविलें. तेथील लोकांनींही घसा कोरडा केला. मग २०२५ मध्यें तोच संघ दिल्लीला नेण्यांत आला आणि त्याचें नांव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असें झालें. पुण्याची खुर्ची हैदराबादेस, हैदराबादेची दिल्लीस. ज्यांचा पराभव मैदानावर झालाच नाहीं अशा दोन शहरांतील प्रेक्षकांनीं आपला संघ गमावला, आणि दोन्ही वेळां त्यांचें मत घेण्याची कोणास आवश्यकता भासली नाहीं. मत घेण्यासारखें त्यांच्या हातीं कांहीं नव्हतेंच.

अशा वेळीं लोकांनीं काय करावें? इंग्लंडांत लंडनच्या नैर्ऋत्य भागांत विंबल्डन हा क्लब होता. १९८८ सालीं त्यानें बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफ. ए. कप जिंकला होता. त्याच्या मालकांनीं क्लब सुमारें ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या गांवीं नेण्याचें योजिलें. २००२ च्या मे महिन्यांत तीन सभासदांच्या मंडळानें दोन विरुद्ध एक मतानें त्याला संमति दिली. विंबल्डनच्या प्रेक्षकांनीं त्यानंतर थोड्याच आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब उभा केला, सार्वजनिक माळावर येईल त्याची परीक्षा घेऊन खेळाडू निवडले, आणि नवव्या पायरीपासून खेळावयास सुरुवात केली. क्लब सभासदांचा. नऊ वर्षांनीं, २०११ मध्यें, ते चढत चढत फुटबॉल लीगमध्यें आले. २०२० मध्यें आपल्या मूळ वस्तींत, प्लाऊ लेन येथें, नव्या मैदानावर परतले. हें त्यांना साधलें याचें एक कारण त्यांची जिद्द, हें खरेंच. दुसरें कारण असें कीं तेथें नवव्या पायरीवरून वर येण्यास जिना आहे. पुण्याच्या मुलांनीं तसा क्लब काढला असता तर २०१९ मध्यें त्यांना सुपर लीगपर्यंत जाणारा जिनाच नव्हता.

जर्मनींत आणखी निराळी व्यवस्था आहे. तेथील क्लब मूळचे सभासदांचे, आपल्याकडील व्यायामशाळांसारखे. १९९८ सालीं त्यांना व्यवसायासाठीं कंपनी काढण्याची मुभा मिळाली, परंतु अट घातली कीं, मतांपैकीं निम्म्यांहून एक तरी अधिक मत मूळ सभासद-मंडळाकडे राहिलें पाहिजे. दोन-तीन जुने अपवाद सोडले तर ती अट आजही आहे. वर्गणी भरणारा कारकून आणि कारखानदार यांना सभेंत एकेक मत. डोर्टमुंडच्या क्लबाचे सभासद लाखाच्या वर आहेत. हे लोक स्वभावानें फार शांत आहेत असें समजूं नका. २०२३ च्या डिसेंबरांत तेथील लीगनें आपल्या उत्पन्नाचा कांहीं भाग बाहेरच्या भांडवलवाल्यास देण्याचें ठरविलें, तेव्हां प्रेक्षकांनीं आठवडेच्या आठवडे मैदानांत टेनिसचे चेंडू फेकले. सामना थांबे, चेंडू गोळा होत, पुन्हां सुरू होई. २०२४ च्या फेब्रुवारींत लीगनें तो बेत सोडून दिला. कोणाचें डोकें फुटलें नाहीं.

डोकें फुटण्याचा उल्लेख आला म्हणून आपल्या मैदानाकडे परत येतों. आपल्याकडे प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीनें सामने थांबले आहेत, स्पर्धा अर्ध्यावर राहिल्या आहेत, पोलिसांना पायऱ्यांवर चढावें लागलें आहे. त्याचें समर्थन मी करणार नाहीं. त्यांत नुकसान होतें तें खेळणाऱ्या पोरांचें. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनें २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशाचा सदरा घातला, तशी आशा बाळगणारीं पोरें प्रत्येक पेठेंत आहेत, आणि त्यांचा हंगाम वर्षांतून एकदांच येतो. परंतु शाळामास्तराच्या अनुभवावरून एवढें सांगतों कीं, ज्या वर्गांत हात वर करणाऱ्याला बोलूं देत नाहींत, त्या वर्गांत बाकें वाजतात.

मग प्रश्न असा कीं तालीम तर पेठेची, मालक कोणी नाहीं, जर्मनांना जें नियमानें मिळालें तें आपल्याला परंपरेनेंच मिळालें आहे. तरी आपला चाहता चिडलेला कां? याचें उत्तर माझ्या मतें हिशेबाच्या वहींत आहे. पूर्वीं संघाचा खर्च म्हणजे सदरे, बूट, चेंडू आणि सामन्यानंतरचें दूध. आतां बाहेरगांवचे खेळाडू येतात, आफ्रिकेंतले खेळाडूही आपल्या मैदानावर दिसले आहेत. त्यांचें येणें वाईट असें मी म्हणत नाहीं. त्यांच्याकडून आपलीं पोरें पुष्कळ शिकलीं. पण त्यांना पैसा लागतो, तो पेठेच्या वर्गणींतून पुरा पडत नाहीं, मग देणगीदार येतो, आणि देणगीदाराचा शब्द वर्गणीदाराच्या शब्दापेक्षां जड होतो. कागदावर मालक नसलेल्या क्लबांत असा न लिहिलेला मालक तयार होतो. त्याला हटवितां येत नाहीं, कारण त्याला कोणीं नेमलेलेंच नसतें. शिवाय सभासद कोण, याचा निवाडा नाहीं. पेठेंत जन्मलेला प्रत्येकजण तालमीचा; पण सभेंत ज्याचें मत मोजलें जाईल असा कोण, हें दहा जणांना विचारा, दहा उत्तरें येतील.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीं ज्या संस्थेची नोंद झाली आहे, तिला दर वर्षीं हिशेब पुरा करून तपासून घ्यावा लागतो. म्हणजे वही असते. ती पाहण्याची संवय नसते.

मी एकदां पाहावयास गेलों होतों. एका हंगामांत आमच्या पेठेंतील दोन चांगलीं पोरें सबंध वेळ बाहेर बसून राहिलीं, तेव्हां वार्षिक सभेंत उभा राहून मीं विचारलें कीं, पोरांच्या सरावावर किती खर्च झाला आणि बाहेरच्या खेळाडूंवर किती, एवढे दोन आंकडे वाचून दाखवा. खजिनदार माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही मॅच बघा, हिशेबाचं आम्ही बघतो." सभा हंसली. मीही हंसलों, आणि घरीं येऊन जेवलों नाहीं. पत्नीनें विचारलें, हरलांत काय? सामना तर आदल्या दिवशीं जिंकला होता.

परंतु त्या सभेंतील दुसरा एक आंकडा मला त्याहून बोचला, आणि तो मला कोणी वाचून दाखविण्याची गरज नव्हती. आदल्या दिवशीं मैदानावर आमचे हजारों लोक होते. सभेला मी मोजलेलीं माणसें तेवीस. कट्ट्यावर दीड तास कारभाराचा कीस काढणारे सगळे त्या वेळीं कट्ट्यावरच होते, सभेच्या दारापासून वीस पावलांवर.

पुढच्या वर्षीं तो खजिनदार एका संध्याकाळीं माझ्याकडे आला. हातांत पिशवी, पिशवींत वही. "मास्तर, बेरजा एकदां बघून द्या, मग फळ्यावर लावतो," म्हणाला. तीन रात्रीं आम्ही बसलों. एके ठिकाणीं हातचा विसरला होता. तो तिसरीपासून विसरत आला आहे. आंकडे मला आवडले असें नाहीं, पण आंकडे होते. जमाखर्चाचा कागद तालमीच्या दाराशीं, सामन्यांच्या वेळापत्रकाशेजारीं लावला गेला. पहिल्या रविवारीं मी मुद्दाम तिकडून गेलों तेव्हां फळ्यापुढें तीन माणसें उभीं होतीं. त्यांतलीं दोन वेळापत्रक पाहावयास आलीं होतीं.