रोजचं विज्ञान : टायटॅनियमचा बोल्ट का गंजत नाही?

पावसाळा सरता सरता सायकलच्या बाटलीच्या स्टँडचे बोल्ट तांबूस होतात. खामगावच्या बाजारातली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, पण आतून शाबूत राहते. लोखंडाचं तसं नाही. त्याचा गंज सच्छिद्र असतो. पापुद्रे सुटतात, ओल आत शिरते आणि खालचा थर गंजू लागतो.

टायटॅनियमही ऑक्सिजनला लगेच पकडतं. फक्त त्यातून तयार होणारा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण अखंड असतो. ओरखडा पडला तर तिथे क्षणात नवा थर धरतो. हीच पकड त्याला महाग करते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचं खनिज आहे, पण त्यातून ऑक्सिजन सोडवणं फार कष्टाचं.

मग सगळेच बोल्ट बदलावेत? माझं मत, नाही. आवळलेला बोल्ट ताणलेल्या रबरासारखा दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. टायटॅनियमचा बोल्ट वजनाने पोलादी बोल्टाच्या सुमारे ५७ टक्के असला, तरी सर्वांत कणखर पोलादाइतका ताण तो सोसत नाही. म्हणून हँडल आणि ब्रेकला कंपनीने दिलेले पोलादी बोल्टच राहू द्यावेत. बाटलीच्या स्टँडला टायटॅनियम खुशाल लावा. दोन बोल्टांमागे दोन-तीन ग्रॅम वाचतील, गंजाची कटकट जाईल.

बसवताना आट्यांना ग्रीस हवंच. कोरडे आटे घासले की तो पातळ थर खरवडला जातो आणि उघडे धातू एकमेकांना चिकटून बसतात. शिवाय ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ओल शिरली, तर टायटॅनियम टिकतं आणि फ्रेमच झिजते.