पाणपाखरांची खानेसुमारी

नागपूरला समुद्र नाही, खाडी नाही, गलबते लागावीत असे बंदरही नाही. परंतु पौषातल्या एखाद्या पहाटे, धुके विरण्यापूर्वी, गोरेवाड्याच्या अथवा अंबाझरीच्या तलावाकाठी जो उभा राहील त्याला, हिमालयापलीकडच्या मुलखांतून निघालेले पांथस्थ रातोरात येथे नांगर टाकून विसावले आहेत, असे वाटल्यावाचून राहणार नाही. या पाहुण्यांची हजेरी घेण्यासाठी दर जानेवारीत काही माणसे, कोणाच्या हुकमावाचून आणि कसल्याही मेहनतान्यावाचून, दुर्बीण, वही आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीनिशी तलावांच्या काठी जमतात. ज्या कामासाठी ती येतात त्याचे नाव आशियाई पाणपक्षी गणना. भारतात तिचा प्रारंभ १९८७ साली झाला, आणि मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ‘वेटलँड्स इंटरनॅशनल’ या जागतिक संस्थेच्या सहकार्याने तिची व्यवस्था पाहते.

अशा हौशी गणनेची कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पाखरे टिपण्याची जी स्पर्धा चाले, तिच्याऐवजी त्या दिवशी पाखरे मोजावीत, असे पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवले आणि पहिल्या वर्षी अवघी २७ माणसे त्यासाठी बाहेर पडली. बंदूक ठेवून पेन्सिल उचलण्याचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

विदर्भाच्या वाट्याला ही पाखरे एवढ्या संख्येने का यावीत, याचे उत्तर आकाशात जितके आहे तितकेच जमिनीवर आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे ३० देशांवरून जाणारा मध्य आशियाई उड्डाणमार्ग आपल्या देशावरून जातो, हे खरेच. परंतु वरून जाणाऱ्या पाखराला खाली उतरावेसे वाटले पाहिजे, आणि ते वाटायला लावणारी व्यवस्था पूर्व विदर्भात कोहळी समाजाच्या जलशिल्पींनी, तसेच गोंड व भोसले राजवटींच्या काळात, गावोगाव तलाव बांधून करून ठेवली. पुढे हे तलाव महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे होते; ती मालगुजारी गेली, १९५१ साली हे तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ असे त्यांचे नवे नाव दप्तरी चढले. पाणी मात्र तेथेच राहिले, आणि काठालगत रब्बीचा गहू व हरभराही. मंगोलिया व तिबेटच्या सरोवरांकाठी जन्मलेला पट्टकादंब हंस, ज्याने हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे, त्याला दिवसा विसाव्यासाठी मोकळे पाणी आणि रात्री चरण्यासाठी कोवळे शेत, अशा दोन्ही गोष्टी हव्या असतात. उमरेडच्या बाजूच्या तलावांवर त्याला त्या एकमेकींच्या शेजारी मिळतात.

मोजणी दिसते तितकी सोपी नाही. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी लागते, कारण समोरच्या उन्हात प्रत्येक बदक काळेच दिसते. दहा-वीस पाखरे असली तर एकेक मोजता येतात. पण पाण्यावर हजारभर बदके दाटली असता, आधी नीट मोजून दहांचा अथवा शंभरांचा एक तुकडा नजरेत बसवावयाचा, आणि मग शेतमोजणीच्या साखळीप्रमाणे तोच तुकडा थव्यावरून पुढे पुढे सरकवीत न्यावयाचा, ही रीत आहे. निम्मा थवा मोजून व्हावा आणि एवढ्यात काठावरून एखादी भोवत्या घार तरंगत यावी, की सारे पाणी एकदम उठते. मग पाखरे पुन्हा बसेपर्यंत थांबून पहिल्यापासून आरंभ करण्यावाचून गत्यंतर नसते. एक जण दुर्बिणीतून आकडे सांगतो, दुसरा लिहितो, आणि खात्री नसेल तेथे जातीचे नाव न घालता नुसते ‘बदक’ असे लिहिण्याइतका संयम दोघांनाही बाळगावा लागतो.

नावे मात्र आपल्या भाषेने फार सुंदर दिली आहेत. कपाळी पांढरा टिळा असलेला काळा वारकरी; चोचीवर पिवळा व तांबडा ठिपका घेऊन फिरणारे हळदीकुंकू; लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक; पसरट चोचीचा थापट्या; अडई, टिबुकली, शेकाट्या. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधसारख्या ठिकाणी हयात घालवून, पुढे नागपुरात राहून, अशा नावांचा जो कोश सिद्ध केला, त्यामुळे आज विद्यार्थ्याला पाखराची ओळख इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून होऊ शकते.

नवख्या मोजणीदाराला सर्वांत कठीण जाते ते शून्य लिहिणे. अर्धा दिवस थंडीत उभे राहून तक्त्यावर काहीच भरता आले नाही, तर आपली पहाट फुकट गेली असे त्याला वाटते. वस्तुतः जलपर्णीने झाकलेल्या, किंवा काठ दगडी बांधकामात गेलेल्या तलावावर पाखरू नव्हते, ही नोंद हजारो पाखरांच्या नोंदीइतकीच आवश्यक आहे. अर्थात एका वर्षाच्या शून्यावरून निवाडा करणेही अन्यायाचे ठरेल. पाऊस उशिरापर्यंत पडत राहून तलाव काठोकाठ भरलेला असला, तर चिखलात चोच घालून जगणाऱ्या तुतवारांसाठी उथळ काठ उरत नाही. आणि सर्वत्रच पाणी असल्यामुळे बदकेही दूरदूरच्या बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, विखुरतात. म्हणूनच तोच तलाव, तोच महिना, तीच रीत, हा नेम वर्षानुवर्षे पाळावा लागतो; तेव्हा कोठे घट आहे की नुसता फेरफार, हे उमगू लागते.

ऊन चढले की दुर्बिणी म्यानात जातात आणि बांधावर बसून कोणी डबा सोडतो. गोषवारा करणारा तेवढा अजून तक्त्यावर वाकलेला असतो: वारकरी, टिबुकली, हळदीकुंकू यांचे आकडे तो पुन्हा तपासतो, चक्रवाकाच्या रकान्यापाशी थांबतो, सोबत्याला विचारतो, त्याने मान हलवताच तेथे ठळक शून्य काढून पुढच्या नावाकडे वळतो.