फाइल दाखवा, पण हाती देऊ नका : क्लाउडवरची कागदपत्रं कशी जपायची?

शिष्यवृत्तीचे फॉर्म निघाले की मोहल्ल्यातल्या कमिटीकडे कागदपत्रांचा ढीग जमतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, बँक पासबुकचं पहिलं पान, मुलामुलींचे फोटो. पूर्वी हे सगळं लोखंडी कपाटात असायचं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. आता ते गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर असतं. यालाच क्लाउड म्हणतात. सोय मोठी झाली, पण किल्ली आज कोणाकोणाकडे आहे, याचा हिशेब बऱ्याच ठिकाणी कोणी ठेवत नाही.

खरी अडचण डाउनलोडपासून सुरू होते. फाइल क्लाउडवर आहे तोपर्यंत ती कोणी पाहावी हे मालक ठरवू शकतो, दिलेली परवानगी परतही घेऊ शकतो. पण एकदा ती कोणाच्या मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये उतरली की तिथे तिची वेगळी नक्कल तयार होते. नंतर परवानगी काढली, मूळ फाइल डिलीट केली, तरी ती नक्कल तशीच राहते.

आणि ती कुठे राहते? एखाद्याच्या जुन्या मोबाइलमध्ये, जो उद्या दुरुस्तीला जाईल किंवा विकला जाईल. घरातल्या अशा लॅपटॉपमध्ये, ज्यावर मुलं गेम उतरवतात. किंवा फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये, जिथे दिवसभर अनोळखी माणसं बसतात. ज्या यंत्राला पासवर्ड आहे का, त्यात व्हायरस आहे का, ते कोण वापरतं, यावर संस्थेचं काहीच नियंत्रण नाही, त्याला तांत्रिक भाषेत 'अनमॅनेज्ड डिव्हाइस' म्हणतात. आपल्या बहुतेक कमिट्यांचं सगळं काम अशाच यंत्रांवर चालतं.

कंपन्या काय करतात?

तुमच्या घरातलं कोणी आयटी किंवा बँकेत असेल तर विचारून पाहा. ऑफिसच्या लॅपटॉपवर जी फाइल सहज उतरते, ती घरच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा फक्त वाचता येते. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेला बंदोबस्त आहे. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हमध्ये अनोळखी यंत्रांसाठी तीन पर्याय असतात : पूर्ण मुभा, फक्त ब्राउझरमध्ये पाहण्याची मुभा किंवा पूर्ण बंदी. दुसऱ्या पर्यायात फाइल उघडते, पण डाउनलोड, प्रिंट आणि सिंक होत नाही. गूगलच्या मोठ्या संस्थांसाठीच्या योजनांमध्येही यंत्र पाहून प्रवेश ठरवण्याची सोय आहे. मात्र हे सगळं पैसे भरून घेतलेल्या खात्यांवर मिळतं.

फुकटच्या खात्यावर काय करता येईल?

बरंच काही. कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्ह उघडा आणि ही कामं करा.

१. फाइलवर 'शेअर' दाबा. तिथे 'एनीवन विथ द लिंक' असेल तर 'रिस्ट्रिक्टेड' करा. नाहीतर ती लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला फाइल उघडता येते. मग ज्यांना गरज आहे, त्यांचेच ईमेल जोडा.

२. प्रत्येकाला 'एडिटर' करू नका. एडिटर पुढे आणखी लोकांनाही फाइल देऊ शकतो. पाहणाऱ्याला 'व्ह्यूअर' एवढंच पुरे.

३. त्याच खिडकीत वर दातेरी चाकाचं चिन्ह असतं. ते दाबून व्ह्यूअरसाठी डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीचा पर्याय बंद करा. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलवर हे झालंय का, ते तपासा.

४. सगळ्यांची कागदपत्रं एकाच फोल्डरमध्ये टाकून सगळ्यांना उघडी करू नका. यादी तपासणाऱ्याला पासबुक पाहायची गरज नसते.

५. काम संपलं की नावं काढा. कमिटी बदलली तर त्याच दिवशी काढा.

आणि एक सवय सोडा : व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकणं. ग्रुपमध्ये पन्नास जण असतील तर ती फाइल पन्नास मोबाइलमध्ये जाऊ शकते. ती परत गोळा करणं कोणालाच शक्य नाही.

दुकानात फॉर्म भरताना

दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडावंच लागलं तर इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. पण लक्षात असू द्या, ती खिडकी बंद केली तरी डाउनलोड केलेली फाइल जात नाही. 'डाउनलोड्स' फोल्डरमधून ती डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामं करा. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर मोबाइलमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन लॉगआउट करा. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून ते मोफत मिळतं.

कुलूप कितपत पक्कं?

खरं सांगायचं तर डाउनलोड बंद केलं तरी स्क्रीनशॉट काढता येतो, दुसऱ्या मोबाइलने फोटोही घेता येतो. ज्याने ठरवलंच आहे, त्याला हे कुलूप अडवणार नाही. पण बहुतेक वेळा कागदपत्रं वाईट हेतूने नाही, तर निष्काळजीपणाने बाहेर जातात. ते हे कुलूप बऱ्यापैकी थांबवतं. उरलेल्या धोक्यावर उपाय एकच : लागेल तेवढंच मागा आणि काम झालं की पुसून टाका. जी फाइल आपल्याकडे नाहीच, ती फुटणारही नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण कायद्याच्या आधी माणसाचा विचार करा. कोणत्या घराने मदत मागितली, कोणत्या बेवा बाईच्या खात्यात किती पैसे आहेत, हे गल्लीत चर्चेला यावं असं कोणालाच वाटणार नाही. लोक कागद देतात ते भरवशावर. तो कागद आपल्याकडे अमानत असतो.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत मोबाइलवर ड्राइव्ह उघडा आणि एकच प्रश्न विचारा : या फोल्डरमध्ये आज कोणाकोणाची नावं आहेत? ज्यांचं काम संपलंय, त्यांची नावं तिथल्या तिथे काढून टाका.